लाल ठिपक्याचा बल्ब

गेल्या महिन्यात पासलीहून एका बाईंचा मला फोन आला. ओळख ना पाळख, त्यांनी थेट विचारलं, "तुमच्या शेजारच्या दुकानातल्या म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय का?"

तो म्हातारा म्हणजे चिमाजी पारठे. भोरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून माझं झेरॉक्सचं. सगळी गल्ली त्यांना तात्या म्हणते. तात्या मोबाईल वापरत नाहीत, म्हणून त्यांच्या पाटीवर नंबर माझा आहे. तो त्यांनी मला न विचारताच रंगवून घेतला, आणि गेली अकरा वर्षं त्यांचे फोन मी घेते, त्यांच्यासाठी लोकांची बोलणी खाते आणि वर त्यांनाच चहा पाजते.

पासलीच्या बाईंची तक्रार अशी होती. हा माणूस कापडी पिशवीत रेडिओ घेऊन त्यांच्या दारात आला. घरातले सगळे दिवे त्याने बंद करायला लावले, मग एकेक करून लावायला लावले, आणि प्रत्येक दिव्याखाली रेडिओ धरून कान देऊन उभा राहिला. शेवटी दोन बल्ब काढून पिशवीत टाकले, हात जोडले आणि "चूक झाली, आठ दिवसांत आणून देतो" म्हणून चालता झाला. कसली चूक ते काही सांगितलं नाही. बल्ब तर चांगले लागत होते.

मी म्हटलं, "ताई, डोकं फिरलेलं नाही. आत्ता कुठे ठिकाणावर आलंय." त्यावर बाई आणखीच गोंधळल्या. त्यांना काय बोल लावू? मी सगळं डोळ्यांनी पाहिलं आहे, तरी त्यातलं निम्मंच मला उमगलंय.

तात्या मूळचे रेडिओवाले. वयाच्या सतराव्या वर्षी पुण्याला जाऊन त्यांनी रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला आणि भोरला येऊन बाकडं मांडलं. त्यांची दुरुस्तीची रीत मी इतक्या वर्षांत शेकडो वेळा पाहिली आहे. आलेला रेडिओ आधी उघडत नाहीत. चालू करून त्यावर तळहात ठेवतात, डोळे मिटतात आणि ऐकतात. मग म्हणतात, "हं," आणि नेमक्या त्याच जागी स्क्रू ड्रायव्हर घालतात. लोकांना याचं फार कौतुक. तात्यांना त्याहून जास्त. "माझ्या हातून गेलेली वस्तू परत येत नाही," हे वाक्य त्यांनी मला दिवसातून एकदा तरी ऐकवलेलं आहे.

पुढे रेडिओ संपले. टीव्ही चपटे झाले आणि बिघडले की लोक ते दुरुस्त करण्याऐवजी नवे आणायला लागले. तात्यांचं बाकडं ओस पडलं. तेवढ्यात घरोघर एलईडीचे बल्ब आले आणि आमच्या भागातल्या विजेच्या चढउताराने ते पटापट जायलाही लागले. तात्यांनी एक उघडून पाहिला. आत रुपयाएवढी पट्टी, तिच्यावर चारदोन बारके भाग. त्यात एक चिंचोक्याएवढी तारेची गुंडाळी असते, तिला ते कॉइल म्हणतात. बहुतेक वेळा तीच जळलेली. तात्यांनी ती कापली आणि तिच्या जागी साध्या तारेचा तुकडा जोडला. याला त्यांच्या धंद्यात जंपर मारणं म्हणतात. बल्ब लख्ख लागला.

त्या दिवशी तात्या जे खूश झाले ते विचारू नका. कंपन्या उगाच भरताड घालतात, म्हणाले. जे नसलं तरी दिवा लागतो ते हवंच कशाला? मग बायका बाजाराच्या दिवशी पिशव्या भरभरून मेलेले बल्ब आणायला लागल्या. हिर्डोशीपासून कामथडीपर्यंत आणि पलीकडे वेल्ह्याच्या डोंगरातसुद्धा तात्यांनी जिवंत केलेले बल्ब लागले. दुरुस्त केलेला बल्ब ओळखू यावा म्हणून ते त्याच्या बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका देत. ती बाटली माझी होती. मागून नेली ती परत आली नाही, तेव्हा परत न येणाऱ्या वस्तूंबद्दलचं त्यांचं वाक्य एका अर्थी खरंच म्हणायचं.

आता भामाकाकूंकडे येते. हिर्डोशी माझं माहेर. आमच्या घराच्या वरच्या अंगाला सोनबाकाका आणि भामाकाकू राहतात. मुलं पुण्याला असतात, सणाला येतात. चार वर्षांपूर्वी काकांचे डोळे गेले. दाखवायला उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. काकूंना तर कितीतरी आधीपासून कमी ऐकू येतं, कानाशी जाऊन ओरडावं लागतं. त्यामुळे त्या घराची वहिवाट अशी पडली आहे की बघायचं काकूंनी आणि ऐकायचं काकांनी. दारात कोण आलं, एसटी वळणावर आली का, गोठ्यात म्हैस का ओरडते, हे काका ऐकतात आणि काकूंच्या कानात सांगतात. रेडिओचंही तसंच. डोंगराच्या आड एफएम पोचत नाही, पण मीडियम वेव्हवर पुणे लागतं. संध्याकाळच्या बातम्या काका आधी स्वतः ऐकत आणि मग मोठ्याने काकूंना सांगत. सांगताना थोडं पदरचं घालत. माझ्या आठवणीत काकांच्या बातम्या नेहमी खऱ्या बातम्यांपेक्षा बऱ्या असायच्या.

गौरी-गणपतीच्या बाजाराला काकू भोरला आल्या तेव्हा मीच त्यांना तात्यांच्या दुकानात नेलं. त्यांच्याकडचे दोन बल्ब गेले होते, ते तात्यांनी हातासरशी करून दिले. त्यानंतर महिन्याभराने काकू पुन्हा आल्या. या वेळी पिशवीत रेडिओ होता. काका म्हणतात बिघडलाय, नुसती खरखर येते, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांना स्वतःला ना बातम्या ऐकू येत, ना खरखर.

तात्यांनी रेडिओ बाकड्यावर ठेवला, चालू केला, तळहात ठेवला, डोळे मिटले. पुणे स्वच्छ बोलत होतं. तरी त्यांनी उघडला, झटकून पुसला, सेलच्या पट्ट्या घासल्या आणि दिला. काकू घरी गेल्या. पंधरा दिवसांनी परत. रेडिओ दुकानात पुन्हा खणखणीत. तात्यांनी आवाजाचं बटण बदललं. दिवाळीनंतर काकू तिसऱ्यांदा आल्या तेव्हा तात्यांचा चेहरा पडला. हातून गेलेली वस्तू दोनदा परत आली होती, आणि तीही तिच्यात काहीही बिघाड नसताना. गल्लीतली माणसं बघत होती. तात्यांनी दिवसभर रेडिओ चालू ठेवला. एकदाही खरखरला नाही. संध्याकाळी त्यांनी तो काकूंच्या हातात दिला आणि वैतागून त्यांच्या कानाशी ओरडले, "रेडिओ ठणठणीत हाय. घरच्यांचे कान दाखवा डाक्टरला."

मी तिथेच उभी होते. मला राग आला, पण मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

जानेवारीत काकू चौथ्यांदा आल्या. रेडिओ माझ्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "कुणाला तरी दे. ह्यास्नी नगं झालाय." काका आता बातम्या सांगत नाहीत, जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात, असं त्यांच्या बोलण्यातून कळलं. रेडिओ तर नाहीच, पण दारात कोण आलं तेही काका सांगेनासे झाले होते. काकू बोलत होत्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून सोडत होत्या. मी रेडिओ उचलला, शेजारी गेले आणि तात्यांच्या बाकड्यावर आदळला. म्हटलं, "उद्या हिर्डोशीला चलायचं. तुमच्या तोंडून गेलेली वस्तू परत आणायची आहे." तात्यांनी नेहमीसारखा वाद घातला नाही, त्यावरून त्यांनाही ते लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने निघालो. धरणाच्या पाण्याकडेने गाडी चालली होती आणि तात्या सारा वेळ रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत त्यांनी मला सतरा कारणं सांगितली. डोंगर असेल, दमट हवा असेल, मोबाईलचा टॉवर असेल. आमच्या गावात टॉवर नाही, असं मी सांगितल्यावर म्हणाले, मग टॉवर नसल्यामुळे असेल.

उतरलो तर अंगणात ऊन होतं आणि काकू भाताच्या पेंढ्याजवळ काहीतरी निवडत होत्या. तात्यांनी तिथेच रेडिओ लावला. स्वच्छ. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्यांना ढकलावंसं वाटलं. ते रेडिओ घेऊन अंगणात इकडून तिकडे फिरत राहिले आणि मी आत काकांकडे गेले.

काका मधल्या खोलीत असतात. तिला खिडकी नाही. लोखंडी कॉट, गोधडी, वर बल्ब लागलेला. काकांनी माझं पाऊल ओळखलं नाही, मी बोलल्यावर उठून बसले. काकू चहाला गेल्या आहेत ना, याची दोनदा खात्री करून घेतली. त्यांना ऐकू येणार नाही हे माहीत असूनही आवाज खाली आणला.

"संजू, तिला सांगू नगंस. रेडिओ चांगला हाय. माजं कान चाल्ल्यात."

मी म्हटलं, काका, माझं बोलणं तर नीट ऐकू येतंय तुम्हाला.

"जवळचं येतं. लांबचं गेलं. रेडिओ पुण्यावरनं बोलतो, त्यो न्हाई येत. डोळं बी असंच गेलं की. आदी समोरचा डोंगर गेला, मग बांध गेला, मग ताट. तवा बी म्या लई दिस कुणाला बोललो न्हाई." मग म्हणाले, "मधीच उघडत्यात बी. अर्धा तास, तासभर लख्ख ऐकू येतं. वाटतं, सुटलो. आन परत मिटत्यात. तुज्या त्या मिस्त्रीनं वळखलं, कान दाखवा म्हनला. खरं बोलला."

ते पुढे म्हणाले, "तिला आदीच येत न्हाई. आता मला बी येईना झालं तर ह्या घरात दार वाजल्यालं कुणाला कळणार? म्हंजी असून नसल्यागत दोगं."

मी त्यांचा हात धरून बसले. एवढ्यात तात्या रेडिओ चालूच ठेवून उंबऱ्यातून आत आले आणि खोलीत पाऊल टाकलं मात्र, पुणे गेलं आणि कढईत काहीतरी तडतडावं तसा खरखराट सुटला. एवढा की मी कानावर हात नेला.

"आलं बघ. मिटलं कान," काका म्हणाले.

"काका, मलाही खरखरच ऐकू येतेय," मी म्हटलं.

काकांनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. "तुला बी? खरं सांग. माज्यासाठी म्हणत न्हाईस ना?"

मी शपथ घेतली. तात्यांनीही घेतली. ते तर उंबऱ्यात थिजल्यासारखे उभे होते. घरात कुणी आलं की रेडिओ बंद करायचा ही काकांची जुनी रीत, त्यामुळे चार महिन्यांत ही खरखर काकांशिवाय दुसऱ्या कुणी ऐकलीच नव्हती. शेजारपाजारच्यांनी नाही, सणाला आलेल्या मुलांनीही नाही. काका हसले की रडले मला सांगता येत नाही. दोन्हीला तोंड तसंच होतं. पण लगेच म्हणाले, "मग भोरात का न्हाई येत?"

आणि इथून आम्ही तिघंही पार गोंधळून गेलो. तात्या अंगणात गेले, खरखर गेली. आत आले, खरखरला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. रडणारं मूल घेऊन फेऱ्या घालाव्यात तसे ते फिरत होते. लोखंडी कॉट बाहेर काढायला लावली. खरखर तशीच. पत्र्याची पेटी बाहेर काढली, काकांची पितळी लोटी काढली, शेवटी काकांनाच बाहेर काढलं. काही फरक नाही. काकू चहाचे कप घेऊन सामान बाहेर जाताना बघत राहिल्या. त्यांना वाटलं आम्ही घर सारवायला काढलंय. मी कानाशी जाऊन सांगितलं तरी त्यांना काही पटलं नाही. मला तरी कुठे पटत होतं? चाळीस-पंचेचाळीस वर्षं रेडिओ उघडणारा माणूस भिंतीला हात लावून भिंतीची नाडी बघत होता.

साडेपाच झाले असतील. काका पुन्हा कॉटवर बसले होते, रेडिओ मांडीवर, तात्या जमिनीवर डोकं धरून. आणि एकदम पुणे स्वच्छ बोलायला लागलं. बाई हवामान सांगत होती.

"उघडलं कान," काका सवयीने म्हणाले.

मी मात्र वर बघितलं, कारण खोलीत काळोख झाला होता. लाईट गेली होती.

तेव्हा डोक्यात जे झालं ते नीट सांगता येत नाही. काकांना चार महिने मधूनमधून लख्ख ऐकू येत होतं, ते लाईट गेल्यावर. पण दिसत नसल्याने त्यांना लाईट गेलेली कळत नव्हती. काकूंना ती दिसत होती, पण रेडिओ ऐकू येत नव्हता. आणि काकांचे डोळे गेल्यापासून काकू त्यांच्यासमोर उजेड-अंधाराचा शब्दच काढत नसत, हे मला नंतर कळलं. दोघांच्या हातात अर्धी अर्धी गोष्ट होती आणि मन दुखू नये म्हणून दोघंही मूठ मिटून बसले होते.

अर्ध्या तासाने लाईट आली आणि खरखर आली. तात्यांनी बल्बचं बटण दाबून बंद केलं. पुणे. लावलं. खरखर. सहा-सात वेळा केलं. मग कॉटवर चढले, बल्ब काढला, उजेडाला बाहेर नेला आणि उलटा केला. मी मागेच होते. बुडाशी लाल ठिपका होता. तात्या त्या ठिपक्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला त्यांची दया आली, आणि माझ्या नेलपॉलिशचीही.

इकडे काकूंनी मोरीतला दुसरा बल्ब आणून खोलीत लावायला घेतला होता. तोही ठिपक्याचाच. मी त्यांच्या कानाशी ओरडले, काकू, दिवा नको, दिव्यामुळेच काकांना ऐकू येत नाही. काकूंनी मला वेड्यात काढलं.

"आन ह्यास्नी काय अंधारात बसवू?"

काकांनी मान वर केली. "कंचा दिवा?"

काकूंना प्रश्न ऐकू गेला नव्हता. मीच सांगितलं की काका, तुमच्या खोलीत दिवा असतो. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत.

"कवापास्नं?"

मी काकूंच्या कानात विचारलं. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिसापास्नं. त्यांचं डोळं गेलं म्हून म्या काय त्यांची खोली काळी ठेवू?" आणि रागावून देवापुढचं निरांजन आणून कोनाड्यात ठेवलं. त्या संध्याकाळी काकांनी बातम्या ऐकल्या, पण काकूंना सांगितल्या नाहीत. रेडिओ बंद करून कितीतरी वेळ काकूंच्या दिशेने तोंड करून बसून राहिले.

आम्ही रात्री माझ्या भावाकडे राहिलो आणि सकाळच्या गाडीने परतलो. दुकानात आल्यावर मी पुण्याला माझ्या मुलीला फोन लावला. शेफाली घरगुती उपकरणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. तिचं काम काय असतं ते तिने मला पूर्वी दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा माझं लक्ष नव्हतं. तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फोन नीट कानाला लावला.

ती जे म्हणाली ते मला कळलं तसं सांगते. एलईडी बल्ब वीज आहे तशी वापरत नाही. सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे करतो आणि तेव्हा दिवा लागतो. हे तुकडे करताना जो गोंगाट होतो तो आपल्याला ऐकू येत नाही, पण वायरीतून आणि हवेतून पसरतो आणि रेडिओला ऐकू येतो. ती चिंचोक्याएवढी कॉइल आणि शेजारचा कपॅसिटर हा गोंगाट बल्बच्या आतच थोपवतात. दिवा लागायला त्यांचा काही उपयोग नाही. शेजाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून ते असतात. तिच्या प्रयोगशाळेत एक बंद खोली आहे, तिथे मिक्सर, चार्जर, बल्ब, सगळ्यांना एकेकटं ठेवून कोण किती गोंगाट करतं आणि दुसऱ्याचा किती सोसतं ते मोजतात. एका घरात नांदायचं तर दोन्ही यावं लागतं, ती म्हणाली.

तात्यांनी फोन ठेवला. मला वाटलं आता काहीतरी कारण सांगतील. ते म्हणाले, "दिवा लागतो म्हणून मी बरोबर समजत होतो, संजू. दिवा लागत होता की." आणि तेच पुन्हा म्हणाले. मग बाकड्याखालून बिस्किटाचा डबा काढला. कापून टाकलेल्या सगळ्या कॉइल त्यात होत्या. का ठेवल्या होत्या देव जाणे. तो डबा काठोकाठ भरलेला होता आणि त्यातली प्रत्येक गुंडाळी म्हणजे कुठल्यातरी घरातली खरखर होती. कामथडीचा गेनू गोठ्यात रेडिओ लावतो, तो दोन वर्षं तक्रार करत होता. तात्यांनी त्याला म्हशी बदलायला सांगितलं होतं. त्या आठवणीने मला हसू आलं, पण तात्यांचे डोळे भरले होते म्हणून मी तोंड फिरवलं.

तेव्हापासून दुकान बंद असतं त्या दिवशी तात्या रेडिओ पिशवीत घालून गावोगाव फिरतात. जिथे लाल ठिपका सापडेल तो बल्ब आणतात, तार गुंडाळून नवी कॉइल करून घालतात, आणि परत नेऊन देताना ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका देतात. नेलपॉलिशची नवी बाटलीही माझीच गेली. कारण समजावून सांगायचं मात्र त्यांना जमत नाही. चांगल्या लागणाऱ्या दिव्यात चूक आहे, हे लोकांना कसं पटावं? म्हणून मग लोक मला फोन करतात.

पहिला दुरुस्त केलेला बल्ब अर्थातच हिर्डोशीचा. आठ दिवसांनी आम्ही दोघं तो घेऊन गेलो. तात्यांनी स्वतः कॉटवर चढून बसवला, बटण दाबलं, रेडिओ लावला. दिवाही लख्ख आणि पुणेही. तात्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जुना तोरा दिसला. काकूंना उजेड दिसला, त्या निवांत झाल्या.

काका मात्र कान देऊन बसले होते. म्हणाले, "लावा की दिवा."

"लावलाय, काका," मी म्हटलं.

"मग ऐकू का येत न्हाई?"

तात्यांनी समजावलं की आता दोष काढलाय, आता कधीच खरखर येणार नाही. वाटेल तेवढा वेळ दिवा ठेवा. काका कॉटची कड चाचपत पुढे सरकून बसले.

"तुमी निगून गेल्यावर म्या लई इचार केला," ते म्हणाले. "चार वरसं तिनं माज्यासाठी दिवा लावला. मला काय कळलं न्हाई. आन ही चार म्हयनं म्या जे ऐकत व्हतो, कान गेलं म्हून रडत व्हतो, त्यो तिचा दिवा व्हता. म्या दिवाच ऐकत व्हतो की." त्यांनी हात पुढे केला, तो तात्यांच्या गुडघ्याला लागला. "आता तुमी त्यो बंद केला. परत पहिल्यासारखा करा."

तात्या माझ्याकडे बघायला लागले. मी काकूंकडे. काकू कुणाकडेच बघत नव्हत्या, चहा गाळत होत्या, त्यांना यातलं अक्षर ऐकू गेलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. गाळणी त्यांच्या हातात तशीच राहिली आणि चहा कपाबाहेर सांडत गेला. मग म्हणाल्या, "म्हातारं खुळं झालंय," आणि पदर तोंडाला लावला.

तात्यांनी थोडी हुज्जत घातली. ही चूक आहे, ती मी जाणूनबुजून परत कशी करू, असं ते म्हणत राहिले. शेवटी बल्ब उतरवला, उंबऱ्यात बसून उघडला आणि आदल्या रात्री दोन तास खपून गुंडाळलेली कॉइल पुन्हा कापून काढली. तिच्या जागी तारेचा तुकडा जोडला. दुसरा ठिपका त्यांनी नखाने खरवडून टाकला.

आता त्या घरात असं चालतं. बातम्यांच्या वेळी काकू दिवा बंद करतात आणि काका ऐकून त्यांना मोठ्याने सांगतात, पदरचं घालून. बातम्या संपल्या की काका म्हणतात, "लाव." काकूंना ते ऐकू येत नाही, पण वेळ झालेली कळते. त्या बटण दाबतात. खोलीत खरखर भरते आणि काका रेडिओ बंद न करता तसेच भिंतीला टेकून बसतात.